पिवळी पट्टी

गाड्यांच्या एका मोठ्या शोरूमच्या मागच्या अंगाला सर्व्हिस सेंटर होतं आणि तिथल्या काउंटरवर तो सर्व्हिस ॲडव्हायझर होता. लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायच्या, त्या कॉम्प्युटरवर चढवायच्या आणि गाडी कधी घेऊन या ते सांगायचं, एवढंच त्याचं काम. त्यातलं शेवटचं सर्वांत अवघड, कारण तीन-तीन आठवडे तारीखच नसायची. पुढे काचेच्या दालनात विकणारे हसतहसत किल्ल्या हातात ठेवायचे, आणि त्याच गाड्या कुरकुरत मागच्या दाराने आल्या की त्याच्या नाकी नऊ यायचे.

फोनवर तो दिवसभर एकच वाक्य बोलायचा. "बघतो मी, काहीतरी करतो." त्यामुळे वर्कशॉपमध्ये त्याचं नावच बघतोसाहेब पडलं होतं. त्याला ते ठाऊक होतं. नवा माणूस कामाला लागला की तो आपली ओळख आपणच करून द्यायचा, "मी बघतोसाहेब. करत काही नाही, नुसतं बघतो." आपली फजिती दुसऱ्याने सांगायच्या आत आपण सांगून टाकली की निदान हशा तरी आपल्या पदरात पडतो, असं त्याचं साधं गणित होतं.

हे वाक्य हळूहळू घरीही मुक्कामाला आलं. बायकोच्या उजव्या मनगटात शीर दबली होती. बोटं बधिर व्हायची, हातातला कप निसटायचा, वेणी घालताना मध्येच थांबावं लागायचं. ऑपरेशन छोटंसंच होतं, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. पण दिवसभर घरचं कुणीतरी सोबत हवं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिने त्याला सुट्टी टाकायला सांगितलं. तो म्हणाला, बघतो. तारीख एकदा पुढे गेली, मग पुन्हा गेली. तिसऱ्या वेळी तिने त्याला विचारलंच नाही, सरळ आपल्या वडिलांना फोन लावला. ते म्हणाले, मी आदल्या दिवशी येतो आणि माझ्या गाडीतून नेतो तुला.

हे कळल्यावर त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटल्याची लाजही वाटली. या दोन्ही गोष्टी त्याच्या पोटात वर्षानुवर्षं शेजारी-शेजारी राहत आल्या होत्या आणि त्यांचं आपसात कधी भांडण झालं नव्हतं.

अडचण एवढीच होती की सासऱ्यांच्या गाडीचे ब्रेक दाबले की किंचाळत होते. अशा गाडीतून मुलीला न्यायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. इथे मात्र जावयाची कॉलर ताठ झाली. आपण सुट्टी काढू शकत नाही, पण ब्रेक तर करून देऊ शकतो. नेमकं त्याच आठवड्यात एका बाईंनी वाट बघून वैतागून आपली तारीख रद्द केली, आणि ती ऑपरेशनच्या आदल्या दिवसाचीच निघाली. त्याने ती गुपचूप सासऱ्यांच्या नावावर टाकली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने कुठे वशिला लावला होता, तोही स्वतःचाच.

सासरे सकाळी उघडायच्या वेळेलाच हजर झाले. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट. जावई ही सगळी कंपनी एकट्याच्या खांद्यावर चालवतो, असं ते नातेवाइकांत सांगत असत आणि त्याने ते कधी खोडून काढलं नव्हतं. गाडी आत घेताना त्याने खिशातून पिवळी पट्टी काढली आणि आरशाला बांधली.

"हे काय, जावईबापू?"

"ही आपल्या माणसांच्या गाडीला असते, बाबा. आतल्यांना कळावं म्हणून."

सासऱ्यांनी त्या पट्टीकडे असं पाहिलं की त्याची छाती दोन बोटं फुगली.

आता या पट्टीची खरी गोष्ट अशी होती. ती सुरू केली होती त्यानेच. ओळखीच्यांच्या गाडीकडे जरा जास्त लक्ष जावं, हा हेतू. पण वर्कशॉपमधल्या माणसांनी तिचा अर्थ थोड्याच दिवसांत बरोबर ओळखला. पट्टीवाला आरडाओरडा करत नाही. कंपनीतून चौकशीचा फोन गेला तर तो वाईट बोलत नाही. म्हणजे पट्टीवाली गाडी सगळ्यात शेवटी घेतली तरी चालते. हे त्याला चांगलं माहीत होतं. एखादं गिऱ्हाईक टेबल आपटायला लागलं की पिवळी पट्टी मागे सरकवून त्याची गाडी पुढे घ्यायला लावणाराही तोच असायचा. तरीसुद्धा सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत हात खिशात गेला तो गेलाच. आत जाऊन फोरमनला सांगू, ही मात्र खरंच आधी घे, असं त्याने मनात ठरवलं. तेवढ्यात फोन वाजला.

पुढे दिवसभर तो वाजतच राहिला. सासरे काचेपलीकडे वेटिंगमध्ये बसून होते. तिथल्या कॉफीच्या मशीनमधून कॉफीच्या वासाचं गरम पाणी यायचं आणि टीव्हीवर आवाज बंद करून नव्या गाडीची जाहिरात फिरत राहायची. जाहिरातीतली गाडी डोंगरातून एकटीच पळत होती, तिला सर्व्हिसिंगची गरज पडत नसावी. सासऱ्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली आणि ते जावयाकडे बघत बसले.

त्यांनी बरंच काही पाहिलं. एक उंच माणूस पुढच्या महिन्याची तारीख ऐकून त्यांच्या जावयाला चारचौघांत वाटेल ते बोलला आणि जावई "हो सर, बरोबर आहे सर" म्हणत मान हलवत राहिला. एक बाई किल्ली काउंटरवर फेकून निघून गेल्या आणि ती त्याने वाकून टेबलाखालून काढली. कंपनी ज्याच्या खांद्यावर होती, तो माणूस दुपारी उभ्याउभ्याच डबा खात होता. मधूनमधून त्याची नजर सासऱ्यांकडे जाई, तेव्हा तो हात वर करून खूण करी, होतंय, होतंय. मागाहून आलेल्या गाड्या धुऊनपुसून निघून गेल्या.

संध्याकाळी वेटिंगमध्ये सासरे एकटेच उरले तेव्हा तो आत धावला. गाडी लिफ्टवर होती, पुढची चाकं उतरवलेली.

"आत्ता घेतली?"

"पट्टी होती ना," फोरमन हात पुसत म्हणाला. "ब्रेकचे पॅड पार गेलेत. आपल्याकडचे दुपारीच संपले. उद्या दुपारपर्यंत मागवतो."

फोरमनवर ओरडावं म्हणून त्याने तोंड उघडलं. पण ओरडायचं कशावर, ते सापडेना. पद्धत त्याचीच होती, आणि आयुष्यात कधी ओरडला नसल्यामुळे सुरुवात कशी करतात तेही त्याला ठाऊक नव्हतं.

बाहेर येऊन त्याने सासऱ्यांना सगळं सांगितलं, पट्टीसकट. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे जो ओरडत नाही, तो शेवटी."

"हो."

"माझी मुलगी लहानपणापासून ओरडत नाही."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथेच उभं राहून त्याने मॅनेजरला फोन लावला आणि उद्या येत नाही म्हणून सांगितलं.

"उद्या? एवढं ऐन वेळी?" मॅनेजर म्हणाला. "बघतो मी, कळवतो."

"बघू नका साहेब. मी येत नाही."

त्याने फोन ठेवला. आपण फार मोठा पराक्रम केला, असं घरी पोचेपर्यंत त्याला वाटत राहिलं.

बायको डाव्या हाताने दवाखान्याची पिशवी भरत होती. गाडी झाली नाही, पण मी सुट्टी टाकली, मी येतोय, असं त्याने एका दमात सांगून टाकलं. तिने टॉवेलची घडी पिशवीत दाबली.

"शेजारच्या काकूंना मी सकाळीच सांगून ठेवलंय. त्या स्वतःच्या गाडीतून सोडणार आहेत."

"सकाळीच? तेव्हा तर गाडी आतसुद्धा गेली नव्हती."

"गाडीचं तुम्ही बघतो म्हणाला होतात ना," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं. मग ती त्याच्याकडे बघून थोडीशी हसली. "या तुम्ही पण. बरं होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंची छोटी गाडी दारात उभी राहिली. पाय आखडतात म्हणून सासरे पुढे बसले. हाताला धक्का नको म्हणून बायकोने मागची खिडकी धरली. दुसऱ्या खिडकीशी काकूंच्या शिलाई मशीनचं खोकं होतं, दुरुस्तीला टाकायचं. तो दार धरून उभाच राहिला.

"मी खोकं डिकीत ठेवू का?" त्याने विचारलं.

"नको, डिकीचं झाकण उघडत नाही. तुमच्याकडे कधीची तारीख मागतेय मी," काकू आरशातून म्हणाल्या.

बायकोने मांडीवरची पिशवी त्याच्या हातात दिली आणि मधल्या अरुंद जागेकडे मान वळवली.

"तुम्ही मधे बसा. तुम्ही काय, घरचेच."

पुढे सासऱ्यांना हसू आवरेना. तो गुडघे पोटाशी घेऊन मधे बसला आणि तिचा दुखरा हात अलगद आपल्या हातात घेतला.