अप्पांच्या दाढेतला चुना

“पल्प मेलाय,” एक्स-रेवर पेन टेकवत डॉक्टर म्हणाल्या. पल्प म्हणजे दाताच्या आतली नस. दुखणाऱ्या गालाला हात लावून माझे वडील, अप्पा, माझ्याकडे बघत राहिले.

उजवीकडची ती शेवटची दाढ. अर्धी कवळी तिच्याच आधारावर. दाढ गेली की कवळी गेली, आणि मग संध्याकाळचं कोडबळं, म्हणजे इकडचं कडबोळंही. आई गेल्यापासून कॉफीबरोबर कडक कोडबळी मोडत बसणं हाच आम्हा बापलेकीचा दिवसातला सोहळा. तो मोडला तर अप्पा खचतील, याची मला खरी धास्ती होती.

रूट कॅनाल ठरलं. डॉक्टरांनी दाढ आतून सोडियम हायपोक्लोराइटने धुतली. ते पातळ केलेलं ब्लीचच. मग आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरलं. ही चुन्याचीच जात, तिच्यात जंतू तगत नाहीत. वर तात्पुरतं सिमेंट. “पुढच्या भेटीपर्यंत असंच राहू दे,” त्या म्हणाल्या. मी शहाण्यासारखी मान डोलावली. हूटगळ्ळीला घरी परतताना बसमध्ये अप्पा जिभेने ते सिमेंट चाचपत होते.

काही दिवसांत गाल टम्म सुजला. खोदून विचारल्यावर कळलं, अप्पांनी सुईने सिमेंट उकरून दाढ खळखळून धुतली होती!

“ब्लीच काय, चुना काय, आत ठेवून दिलं की तिनं! धुवून काढल्याशिवाय कापड कधी ठेवलंय काय आपण? विरतं ते!”

आम्ही मूळचे मंडी मोहल्ल्यातले रंगारी. अप्पांचा जन्म रंगाच्या हौदाशी गेला. मला राग आला, हसू आलं, आणि तो सुजलेला गाल घेऊन मी त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर रागावल्या नाहीत. “इन्फेक्शन परत आलंय. आता नाही गेलं तर दाढ काढावी लागेल,” एवढं मला सांगून त्या अप्पांकडे वळल्या. “अज्जा, रंगात घातलेलं कापड लगेच काढता?”

“छे! मुरायला नको?”

“हा चुनाही मुरायला हवा. जंतू दातातल्या बारीक नळ्यांत लपतात. तिथवर पोचायला चुन्याला दिवस लागतात.”

अप्पांनी जरा विचार केला. “अय्यो, मग हे आधी सांगायचं की, मगळे!” परक्या डॉक्टरला त्यांनी कन्नडमध्ये सरळ लेकच करून टाकलं.

पुन्हा चुना भरला. या खेपेला अप्पांनी दाढेला जिभेचाही धक्का लागू दिला नाही. सूज उतरली. मग आत गट्टा-पर्चा, म्हणजे रबरासारखा पदार्थ, लवंगेच्या वासाच्या सिमेंटने बसवला आणि वर कॅप आली.

तुमच्या घरी असं माणूस असेल, तर औषध आत का ठेवलंय ते त्याला समजेल असं सांगा. नुसती मान डोलावू नका.

कॅप बसली त्या संध्याकाळी अप्पांनी कितीतरी वर्षांनी रंग कालवला. डॉक्टरांसाठी गाठी मारलेली ओढणी बादलीत बुडवली. शेजारी आमची कॉफी. मी ओढणी जरा उचलून बघायला गेले, तर हातावर चापट बसली.

“बेड, बेड! नको हात लावू, मुरू दे,” अप्पा म्हणाले, आणि उजव्या बाजूने कोडबळं कडकन फोडलं.