एका क्रियापदावर विकलेला कापूस
सरकीचा वास आला की मला हुबळीच्या कापूस बाजारातली ती सकाळ आठवते. नोकरी सोडून मी स्वतःची दलाली सुरू केली, तेव्हा जुन्या मालकाने चारचौघांत म्हटलं होतं, "तुला इंग्रजी येत नाही. मद्रासकडच्या गिरणीवाल्यांशी काय बोलणार रे तम्मा?" ते मला फार झोंबलं. शेजारच्या मास्तरांनी मला इंग्रजीतलं एकच क्रियापद शिकवलं, टेक. म्हणाले, "बसायला, चहाला, गाडीला, फोटोला, सगळीकडे हेच चालतं. एवढं घट्ट धर." मद्रासकडचा पहिला खरेदीदार आला, त्याला ना कन्नड येई ना मराठी. मी खुर्ची पुढे करून म्हटलं, "टेक सीट." मग "टेक टी." समोरच्या ओट्यावरून मालक ओरडला, "पुढं काय? संपलं इंग्रजी?" बाजारात सगळे पोत्याच्या तोंडाशी ठेवलेला निवडक कापूस दाखवत. मी पोत्याची खालची शिवण उसवली आणि म्हटलं, "टेक हिअर." त्याने मूठभर कापूस काढून तंतू ओढून पाहिला. मग दुसऱ्या पोत्यात स्वतःच कोपरापर्यंत हात घातला. "टेक टाइम," मी म्हटलं. शेवटी त्याने पोत्यांकडे बोट दाखवून किती देणार ते खुणेनेच विचारलं. मी म्हटलं, "टेक ऑल." तो हसला आणि त्याने सगळा माल उचलला. मालक तोवर आत निघून गेला होता. आता माझी मुलं माझ्या इंग्रजीला हसतात, त्यांना मी खुशाल हसू देतो. मालकाला मात्र मी माफ केलेलं नाही. बाजारात आम्ही समोरासमोर आलो तर रस्ता तोच बदलतो.