पाटी नसलेली खोली

लातूर जिल्हा झाला तेव्हा सगळ्यात जास्त काम माझ्या धाकट्या भावाला मिळालं. तो पाट्या रंगवायचा. शाळा, सोसायट्या, ग्रामपंचायती, सगळ्यांनाच ‘जि. उस्मानाबाद’ पुसून ‘जि. लातूर’ लिहून हवं होतं. पट्टी न लावता त्याची ओळ सरळ यायची. पुढं दारू वाढली आणि ओळ उताराला लागली. पावसानं ओढ दिलेल्या वर्षी एका मुख्याध्यापकांनी पाटी परत पाठवली, वर निरोप, “अक्षरं घसरून राहिलीत.” त्या दिवशी तो पहिल्यांदा म्हणाला, “अक्का, हात माझं ऐकत न्हाई.”

मी दवाखान्यात नर्स. उपदेशात वेळ घालवला नाही. आमच्या डॉक्टरांकडून औषध सुरू केलं. नांदेडहून बदलून आलेली एक सिस्टर म्हणाली, तिथं दर रविवारी दुपारी दारू सोडलेल्यांची बैठक भरते, मोंढ्याच्या धान्यबाजारामागच्या गल्लीत. “औषधानं थरथर जाईल. पण माणूस तिथं तोंडानं बोलला नाही तर टिकत नाही,” तिनं बजावलं. आणखी एक बजावलं: पाण्याची टंचाई आहे, चहापुरतं पाणी आपलं आपण न्यायचं.

रविवारी पाच लिटरचा कॅन आणि भाऊ, दोघांना एसटीत घातलं.

गल्लीला तीन चकरा झाल्या. कुठं पाटीच नाही. “पाटी न्हाई म्हंजे धंदा खोटा,” भाऊ म्हणाला. मी पानटपरीवर विचारलं, “दारूवाल्यांची बैठक कुठं भरते?” टपरीवाल्यानं अदबीनं हात केला. आम्ही गेलो तर समोर देशी दारूचं दुकान. भाऊ कित्येक महिन्यांनी हसला. “अक्का, तूच आणलंस. चल आता आत.”

तेवढ्यात हातात पाण्याचा कॅन घेतलेला एक म्हातारा गेला. मागून दुसरा, त्याच्याही हातात कॅन. आम्ही त्या कॅनच्या मागं निघालो आणि खोली सापडली.

आत दहाबारा माणसं जमिनीवर बसली होती. बैठक चालवणारे निवृत्त गुरुजी एके काळी स्वतः पिऊन वर्गात झोपायचे, हे त्यांनीच सांगितलं. मग आमच्याकडं वळून म्हणाले, “पाहुणे, बोला.” मी उभी राहिले आणि राउंडला डॉक्टरांना सांगते तशी केस सांगितली. वय बत्तीस, सहा वर्षांपासून, सकाळी उठल्यापासून, जेवण कमी, हाताला कंप.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. “बाई, पितं कोण?”

“हा.”

“मग तुम्ही का सांगून राहिल्या? बाहेर बसा.”

बाहेर व्हरांड्यात चार बायका मेथी निवडत होत्या. एकीनं माझ्यापुढं जुडी सरकवली. “मी तर पहिल्या दिशी आत जाऊन नवऱ्याच्या वाटणीचं रडले बी होते. मलाबी काढलं.”

असे चार रविवार गेले. परतीच्या एसटीत मी विचारायची, “बोललास?” तो म्हणायचा, “न्हाई.” घरी भावजय दारातच उभी. तो आधी तोंड उघडून दाखवायचा, मग चप्पल काढायचा. वास नसायचा, पण सिस्टरचं बोलणं माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

पाचव्या रविवारी नेमका आमच्या गल्लीत टँकर येणार होता. “वन्सं, मी एकली किती घागरी भरू?” भावजय म्हणाली. म्हणजे तो एकटा जाणार. दोन्ही गावांत स्टँडला लागून दारूची दुकानं. मी त्याची पिशवी चाचपली. आत ब्रश आणि लाल रंगाचा डबा.

“हे कशाला?”

“तुला काय करायचंय?”

दिवसभर मी घागरी भरल्या आणि कारण नसताना दोन शेजारणींशी भांडले. दिवेलागणीला तो आला. बायकोनं विचारायच्या आत दारात आ करून उभा राहिला. वास आला तो चहाचा, आणि शर्टाला रंगाचा.

“बोललास?”

“हाव.”

“काय बोललास?”

“तुला कशाला सांगू? तू व्हरांड्यातली.”

भावजय तोंडाला पदर लावून हसली. मला राग आला, आणि भूकही लागली. सकाळपासून जेवले नव्हते.

पुढच्या रविवारी मी सोबत गेले. खोलीच्या दाराशी सगळ्यांचं पाणी ओतायचा पत्र्याचा ड्रम असायचा. त्यावर लाल, ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, ‘पिण्याचे पाणी’.

“दाराला पाटी लावू का म्हणून विचारत होता,” गुरुजी म्हणाले. “म्हटलं, नको बाबा, लोक लाजतात. तर ड्रम मागितला. आता नव्या माणसाला सांगतो, लाल अक्षराचा ड्रम दिसला की आत या.”

मी वाकून दोष शोधला. ओळ सरळ होती. फक्त शेवटचं ‘णी’ तिरकं उतरलेलं.

“हे बिघडलं की रे.”

“तिथवर आलतो, अन् गुरुजींनी आतून हाक मारली. माझी पाळी आलती.”

“मग नंतर नीट करायचं.”

“ऱ्हाऊ दे तसंच.” त्यानं माझ्या हातातला कॅन घेतला, ड्रममध्ये ओतला आणि मागं न बघता आत गेला. मी व्हरांड्यात बसले. त्या दिवशी मेथी नव्हती, शेंगा होत्या सोलायला.