पाटखारचा झिपरा राता

विनिता घरत विमानात बसली ती भातामुळे. धरमतरच्या खाडीकाठच्या पाटखार गावातून विमानात बसणारे तसे पुष्कळ होते, पण ते आखातात वेल्डिंगला, नाहीतर बोटीवर कामाला जाणारे. चाळिशी ओलांडलेली, सातवी शिकलेली बाई घरच्या भातासाठी श्रीलंकेला बोलावली जाते, हे गावाला पटायलाच आठ दिवस लागले. तिचा नवरा विनेश बंदरातून ट्रेलर चालवायचा. त्याने पासपोर्टवरचा तिचा फोटो सगळ्या ड्रायव्हरांना दाखवून आणला.

त्या भाताचं नाव झिपरा राता. तांबडा तांदूळ, लोंबीला बोटभर लांब कुसळं, म्हणून झिपरा. खाडीचं खारं पाणी आठ दिवस मुळाशी थांबलं तरी तो मान टाकत नसे. एकेकाळी खारपट्टीत घरोघर असायचा. मग बंदरं आली, ट्रेलर आले, रेशनचा पांढरा तांदूळ आला, आणि झिपरा मागे पडत पडत एकट्या घरतांच्या शेतात उरला. तोही विनिताच्या सासूमुळे. सोनूबाई दरवर्षी कापणीच्या आधी शेतातून फिरायच्या, लोंब्या निवडून पदरात घ्यायच्या आणि घरातल्या कुणालाही त्यांना हात लावू द्यायच्या नाहीत. गुडघे गेले तेव्हा हे काम त्यांनी मुलाला दिलं नाही, सुनेला दिलं.

संशोधन केंद्रातल्या सुचिता मॅडम हे भात शोधत पाटखारला आल्या. भारत, बांगलादेश आणि श्रीलंका अशा तीन शेजारी देशांनी किनाऱ्यावरच्या खाऱ्या जमिनींसाठी मिळून एक प्रकल्प काढला होता. एकाचं बी दुसऱ्याने लावून पाहायचं, एकमेकांकडून शिकायचं, आणि गावोगाव बियाणं ठेवायला सौर विजेवरची थंड कपाटं द्यायची. पाटखारच्या पंचायतीत असं कपाट बसलं आणि त्यात झिपऱ्याची एक पिशवी ठेवली. दोन हजार तेवीसच्या फेब्रुवारीत विनिता श्रीलंकेतल्या एका शेतकी शाळेत पंधरा दिवसांच्या शिबिराला गेली.

तिथे तिच्या खोलीत बांगलादेशची मोर्जिना होती. खुलन्याच्या दक्षिणेला, जिथे नद्या समुद्राला मिळतात तिकडची. वादळात तिचं घर दोनदा वाहून गेलेलं. दोघींना जोडणारी भाषा म्हणजे टीव्हीवरच्या मालिकांतली हिंदी, आणि दोघींचीही मोडकीच. तिसऱ्या दिवशी एक साहेब मातीतला खार मोजायचं यंत्र दाखवत होते. यंत्र सुरू होईपर्यंत विनिताने सवयीने चिमूटभर चिखल जिभेवर ठेवला. समोर बघते तर मोर्जिनाही चिखल चाखत होती. दोघी इतक्या हसल्या की साहेबांना थांबावं लागलं. त्या दिवसापासून मोर्जिना तिला दीदी म्हणायला लागली.

परतल्यावर रीतसर कागदांनिशी बियाण्यांची अदलाबदल झाली. मोर्जिनाचं भात पाटखारला आलं, पण इथल्या वाऱ्याला उभं राहिलं नाही, आडवं पडलं. झिपरा मात्र तिकडे असा रुजला की मोर्जिनाने फोनवर लोंब्या दाखवल्या तेव्हा सोनूबाई फोन हातातून सोडेनात.

पुढच्या वर्षी ऑगस्टात बांगलादेशात उलथापालथ झाली. भारताशी त्यांचं बिनसलं. व्हिसा बंद झाले, बैठका बंद झाल्या, आणि प्रकल्प अर्ध्यावर थांबला. सुचिता मॅडमना केंद्रातच दुसरं काम मिळालं. पाटखारला कुणी काही कळवलं नाही. पंचायतीतल्या कपाटावर हिरवा दिवा जळत होता, म्हणून विनिता निश्चिंत होती.

मग दोन हजार पंचवीसची आषाढ अमावास्या आली. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून पाटखारला पूर्वजांनी घातलेला मातीचा लांब बांध आहे. पूर्वी दरवर्षी घरटी एक माणूस त्याच्यावर माती टाकायला यायचा. पण आता कंपनीला जमिनी विकायच्याच आहेत म्हटल्यावर माती कोण टाकणार? दोन वर्षं बांधाला कुणाचा हात लागला नव्हता. अमावास्येच्या दुपारी उधाणाची भरती आणि वरून पाऊस असं दोन्ही एकदम आलं. विनिता शेतात होती. आधी खळखळ ऐकू आली, मग बांध मधोमध खचला आणि पाणी सरळ तिच्या अंगावर चालून आलं. ती बांधाकडे धावली नाही, घराकडे धावली. ती पोचेपर्यंत ओटीवर गुडघाभर पाणी होतं. सोनूबाई खाटेवर उभ्या राहून ओरडत होत्या, "बी बग! आधी बी बग गो!"

बुटक्या लाकडी माच्यावरचा बियाण्याचा पिंप आडवा होऊन पाण्यात तरंगत होता. झाकण कुठे गेलं कोण जाणे. आत खाडीचं काळं पाणी आणि फुगलेलं भात.

शेतातलं रोप महिन्याभराचं होतं. झिपरा आठ दिवस तग धरायचा, पण आता खांड पडलेल्या बांधातून भरतीचं पाणी रोज दोनदा यायला लागलं. पंधराव्या दिवशी सगळं शेत पिवळं पडून कुजलं.

विनिताला कपाट आठवलं. ती पंचायतीत गेली, शिपायाकडून चावी घेतली, दार उघडलं. आतून कोंदट, उबदार वास आला. हिरवा दिवा नुसता छपरावरच्या सौर पट्ट्यांचा होता. आतली बॅटरी कधीच संपली होती. पिशवीतल्या भाताला करडी बुरशी धरून त्याचा गोळा झाला होता. तिने तो गोळा घरी नेला, निवडून निवडून दाणे ओल्या फडक्यात बांधले. रोज सकाळी फडकं उघडून बघायची. दहा दिवसांत एकालाही मोड आला नाही.

मग ती गावोगाव हिंडली. मुरुडच्या गाडीने माहेरच्या नात्यात गेली, म्हसळ्यापर्यंत जाऊन आली. "झिपरा? आमचे आजीचे वक्ताला होता," असं सगळीकडे ऐकलं. कुणाकडे मूठभरही नव्हता. सुचिता मॅडमना फोन केला. त्यांनी केंद्रातल्या सगळ्या नोंदी धुंडाळल्या आणि दोन दिवसांनी स्वतःच पाटखारला आल्या.

"विनिताताई, आमच्याकडचा नमुना त्याच कपाटातून पुढे यायचा होता," त्या खाली बघत म्हणाल्या. "तो आलाच नाही. मी मागवायला हवा होता."

विनिताने त्यांना चहा दिला. त्यांच्यावर रागवायचं बळ तिच्यात नव्हतं. "आता एकच जागा उरली मॅडम," ती म्हणाली. "मोर्जिना."

मोर्जिनाकडे झिपरा होता. नुसता होता असं नव्हे, तिच्या सगळ्या शेतात होता. "दीदी, तुमचंच आहे," ती फोनवर म्हणाली, "किती पाहिजे सांग." पण पाहिजे किती याचा प्रश्नच नव्हता. टपालातून बी घेत नव्हते. आयातीचा परवाना हवा होता, रोग नसल्याचा दाखला हवा होता, आणि हे सगळं ज्या कराराखाली व्हायचं तो करार संपला होता. सुचिता मॅडमनी अर्ज केला. दीड महिन्याने उत्तर आलं की दोन्ही देशांमध्ये नवा करार झाल्यावर विचार करता येईल. मॅडमनी ते फोनवर वाचून दाखवलं. विनिताने विचारलं, "म्हणजे कधी?" मॅडमनी तेच वाक्य पुन्हा वाचलं.

गावात कुजबुज सुरू झाली ती वेगळीच. विनेशचा थोरला भाऊ नामा एक दिवस ओटीवर येऊन बसला. "विनिता, तू बांगलादेशात फोन करतेस म्हनं. दिवस कसले हायत? उद्या पोलीस आले तर सगल्या भावकीचा नाव येल."

"भाताचं बोलतं मी भावजी."

"पोलिसांना भात काय नि दुसरा काय!"

विनेशही घाबरला होता. त्याने तिचा फोन घेतला नाही, पण "जरा कमी कर" एवढं म्हणाला. तिने बोलणं कमी केलं नाही, घराबाहेर जाऊन बोलायला लागली.

ऑक्टोबरात मोर्जिनाने परस्परच एक वाट काढली. तिच्या चुलतभावाच्या बायकोच्या हृदयाचं ऑपरेशन कोलकात्याला व्हायचं होतं. मोठ्या मिनतवारीने त्यांना व्हिसा मिळाला होता. मोर्जिनाने अर्धा किलो झिपरा पुरचुंडीत बांधून त्या बाईच्या कपड्यांत ठेवला आणि मगच विनिताला कळवलं. विनिताच्या सांगण्यावरून कोलकात्यात सुचिता मॅडमच्या ओळखीचं कुणीतरी तो घेणार होतं. विनिताला त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी फोन आला. मोर्जिना रडत होती. हद्दीवर पुरचुंडी सापडली. बी तिथेच जाळून टाकलं. चुलतभावाला दिवसभर चौकशीला बसवलं. आजारी बाई बाकावर पडून राहिली, आणि दुसऱ्या दिवशीची डॉक्टरांची वेळ चुकली.

"ती कशी आहे?" विनिताने विचारलं.

"आहे. पुढची तारीख महिन्याने दिलीय."

"मोर्जिना, ऐक. आता कोणाच्या हातून पाठवू नको. माझी शपथ हाय तुला."

फोन ठेवून ती चुलीपाशी बसली. एका अनोळखी बाईचा जीव आपल्या भातापायी टांगणीला लागला, हे तिच्या मनातून जाईना. महिन्याने ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळेपर्यंत ती रात्री धड झोपली नाही.

तरी बांध बांधायचा तिने सोडला नाही. बी आज नाही, पण कधीतरी येईल, तेव्हा जमीन तरी पाहिजे, असं ती म्हणायची. दोन कचेऱ्यांत अर्ज दिले. एक कचेरी म्हणाली बांध गावाचा, दुसरी म्हणाली पहिल्या कचेरीला विचारा. शेवटी भांगाच्या दिवसांत, भरती कमी असते तेव्हा, विनिता आणि गावातल्या चार म्हाताऱ्या बायका दगड, फांद्या आणि चिखल घेऊन खांडीत उतरल्या. सहा दिवसांत त्यांनी खांड बुजवली. कमरेपर्यंतच्या चिखलात उभं राहून विनिता पाणी शिरल्यापासून पहिल्यांदा हसली. पौर्णिमेच्या उधाणाने ती भर अर्ध्या तासात वाहून नेली.

आणि मग शेतात तिवरं, म्हणजे खारफुटी, दिसली. पाण्याबरोबर आलेलं बी रुजून वीतभर उंचीची हिरवीगार रोपं रांगेत उभी होती. खारजमिनीत एकदा तिवर माजला की ती जमीन सरकारी जंगलात जाते, मग तिथे विळा लावता येत नाही, हे विनिताला ठाऊक होतं. ती वाकून दोन्ही हातांनी रोपं उपटायला लागली. दुसऱ्या दिवशी वनखात्याचा एक पोरगेला रक्षक बांधावरून खाली आला.

"मावशी, तिवर तोडला तर गुन्हा होतो. मला लिहावं लागेल."

"ही माझी शेती हाय. सातबाऱ्यावर नाव हाय."

"असेल. पण आता त्यात तिवर आहे." तो जरा घुटमळला. "मावशी, खरंच थांबा. मला तुमचं नाव लिहायला लावू नका."

तिच्या मुठीत उपटलेली रोपं होती. शेतात अशी हजारो उभी होती. तिने मूठ उघडली आणि ती घरी आली.

त्याच आठवड्यात नामा कागद घेऊन आला. सगळ्या पाटखारने एका कंपनीला जमीन द्यायची संमती लिहून दिली होती, फक्त घरतांची राहिली होती. विनेश म्हणाला, "जंगलात जान्यापेक्षा बरा नाय का?" विनिताने सासूकडे बघितलं. सोनूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"बी नाय, बांध नाय," त्या म्हणाल्या. "कवर धरून बसशील? आन तो शाईचा डबा." त्यांनी अंगठा उठवला. विनिताने त्याखाली सही केली. सही एका झटक्यात झाली, याचंच तिला नंतर नवल वाटलं आणि वाईटही.

डिसेंबरच्या सुरुवातीला दुपारी मोर्जिनाचा व्हिडिओ फोन आला. तिच्याकडे कापणी सुरू होती. कमरेइतकं तांबूस शेत, वाऱ्यावर हलणारी लांब कुसळं. सोनूबाईंनी फोन डोळ्यांजवळ धरला. "एका रोपाला फुटवे किती, इचार तिला," त्या म्हणाल्या. मोर्जिनाने रोप उपटून मोजून दाखवले. आजूबाजूच्या तीन गावांनीही यंदा हेच भात लावलं होतं, असं तिने सांगितलं. तिकडे त्याला बोम्बाई धान म्हणतात.

"बोंबाई?" सोनूबाई चिडल्या. "मुंबईत कवा भात पिकला? झिपरा म्हनाव, झिपरा!"

मोर्जिनाने दोन-तीनदा प्रयत्न केला, पण तिला ते नीट म्हणता आलं नाही.

विनिताने फोन घेतला आणि ती मागच्या दारी पायरीवर जाऊन बसली. मोर्जिना म्हणाली, "दीदी, रस्ता उघडला की पहिली पिशवी तुझी." विनिताने तिला जमिनीचं सांगितलं नाही.

"पिशवीचं राहू दे," ती म्हणाली. "तीन गावांत गेलं म्हणतेस, म्हणजे आता भेसळ होईल. कापणी थांबव. आधी शेतातून फिर. बांधाकडच्या लोंब्या घेऊ नको, मधल्या घे. कुसळं आखूड दिसली ती टाक. आणि निवडलेल्या लोंब्यांना दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नको."

"थांब दीदी," मोर्जिना म्हणाली. "फोन वर धरते. तू बघ, मी चालते."

ती शेतात शिरली. पडद्यावर आभाळ, मग चिखल, मग एक लोंबी अगदी जवळ आली.

"ही?"

"नाय," विनिता म्हणाली. "तिच्या बाजूची."