उसाच्या फडातून आलेली ओळ

“आजी, तू आणि गिट?” म्हणून तुम्ही दोघं फोनवर हसलात. हसा. पण ते या घरात माझ्या हट्टामुळे आलं, आणि हट्ट का केला ते सांगते.

घाटनांदूरच्या घराची पुढची खोली मी तुमच्या चुलतकाकाला कामासाठी दिली आहे. आईबापाबरोबर ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांचा अभ्यास कुठवर आला, हे तिकडच्या शाळेला कळावं म्हणून तिथे एक सॉफ्टवेअर तयार होतं आहे. ते लिहितात काका आणि माझी एक जुनी विद्यार्थिनी. तिचे आईवडील ऊस तोडतात. दिवाळीनंतर तीही त्यांच्याबरोबर जाते, धाकटी भावंडं सांभाळायला, लॅपटॉप घेऊन. मी फक्त मजकूर तपासते.

शाळेचं ग्रंथालय मी तीस वर्षं सांभाळलं: एक रजिस्टर, एक कपाट, एक किल्ली. इथेही नियम माझाच होता. सॉफ्टवेअरची अस्सल प्रत एकच, काकाच्या संगणकावर. गेल्या गुढीपाडव्याला ही मुलगी फडावरून परतली. काकाने नियमाप्रमाणे अस्सल प्रत तिच्या लॅपटॉपवर चढवली आणि तिचं हंगामभराचं काम त्याखाली पुसलं गेलं.

“जाऊ द्या, परत लिहील,” काका म्हणाला. तिने निमूटपणे परत लिहिलं. मला माझ्या नियमाची लाज वाटली.

दसऱ्याला दोघं नवी पद्धत ठरवायला बसले. काकाला मूळ प्रत इथेच हवी होती: फाइल नेटवरून मागायची, दुसऱ्याने बदलू नये म्हणून तिला कुलूप लावायचं, काम झालं की परत करायची. मुलगी म्हणाली, गिट नावाचं साधन घेऊ. त्यात प्रत्येकाच्या संगणकावर कामातल्या बदलांचा सगळा इतिहास असतो. नेट नसलं तरी बदल नोंदवता येतात, नंतर एकमेकांत जोडायचे.

“घोळ व्हईल. जोडत कोण बसंल?” काका म्हणाला. “त्यापरीस तू हंगामात सुट्टी घे.”

“दादा, आमी ऱ्हातो त्या कोपीत रेंज न्हाई. म्हणून माझं डोकं बी बंद पडतंय का?”

मला हसू फुटलं. काका माझ्याकडे वळला. “काकू, तुमीच सांगा हिला. तुमाला तर शिस्तीचं लई हाय!”

“हाय ना,” मी म्हणाले. शाळेत ही बोली मी कधी बोलले नव्हते. “म्हणूनच सांगते. घरी बसणाऱ्यालाच पाळता येईल असला नियम मी पुन्हा करायची नाही. खोली माझी आहे. गिट नको असेल तर तुझं टेबल उचल.”

टेबल जागेवरच राहिलं.

ती सध्या साताऱ्याकडच्या फडावर आहे. बाजाराच्या दिवशी गावात रेंज मिळाली की बदल पाठवते. परवा दोघांनी सॉफ्टवेअरमधली, मुलांच्या शाळेबद्दलची एकच ओळ वेगवेगळी बदलली होती. गिट अडलं आणि कुणाची ठेवायची ते विचारू लागलं. काकाने तिला फोन लावला. दोघं अर्धा तास भांडले. शेवटी तिची ओळ राहिली, कारण मुकादमाने तोडकऱ्यांची टोळी दुसऱ्या फडावर हलवली की पोरांची शाळा हंगामाच्या मध्येच बदलते, हे काकाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“नुसता खटाटोप हाय हा,” काका अजून कुरकुरतो.

असेना. येत्या पाडव्याला ती परत येईल, आणि तिला एक अक्षरही पुन्हा लिहावं लागणार नाही.