भरावावरची क्रेन

दशरथ समुद्रकाठच्या झाई गावचा. बापाची होडी होती, त्यामुळे दोराच्या गाठी लहानपणीच हातात बसल्या. पण समुद्र त्याला मानवला नाही, पोटात ढवळायचं. विसाव्या वर्षी तो क्रेनच्या कामाला लागला आणि रिगर झाला. अवजड यंत्रांना पट्टे बांधायचे आणि क्रेन चालवणाऱ्याला खालून हाताने खुणा करायच्या, हे त्याचं काम. क्रेन चालवायचा वेवजीचा जतीन. एकोणीस वर्षं दोघांची जोडी. केबिनमधून जतीनला निम्मं काही दिसायचं नाही. तो दशरथचा पंजा बघायचा आणि तेवढ्यावर दहा टनांचा बॉयलर वीतभर सरकवायचा.

मागच्या ऑगस्टमध्ये तलासरीला हायवेलगत एका व्यापारी संकुलाचं काम चालू होतं. गच्चीवर नऊ टनांचं वातानुकूलनाचं यंत्र चढवायचं होतं. सकाळी दशरथने क्रेनला तोलून धरणाऱ्या चारी लोखंडी पायांखालची जमीन तपासली. मागच्या डाव्या पायाखाली ताजा भराव होता. पहार टोचली तर हातभर आत गेली.

"लोखंडी प्लेटा टाकल्याशिवाय उचलायचं नाही," तो साइट इंजिनिअर गौरवला म्हणाला.

"प्लेटा परवा येतील, काका. क्रेन आज संध्याकाळी परत जाणार."

"मग जाऊ दे."

शब्दाला शब्द वाढला. "तुम्हाला जमत नसेल तर सांगा, दुसरा माणूस उभा करतो," गौरव सगळ्यांसमोर म्हणाला. ते दशरथच्या जिव्हारी लागलं. त्याने हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं आणि तो निघाला. जतीन केबिनमधून उतरून त्याच्या मागे आला.

"दशरथभाई, रागावू नको. थांब ना."

"तू पण उचलू नको."

"बघतो," जतीन म्हणाला.

त्या 'बघतो'चा अर्थ दशरथला कळला होता. तरी त्याने बस धरली.

बस घोलवडला पोचली आणि फोन आला. पाय खचला होता, क्रेन आडवी झाली होती, केबिन खाली दबली होती. जतीन आतच होता.

तो रिक्षाने परत आला. दुसरी क्रेन आली होती, पण पडलेली क्रेन न घरंगळू देता उचलायची कशी, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. परवा येणाऱ्या प्लेटा तासाभरात आल्या. दशरथने त्या स्वतः बसवल्या. मग पट्टे घेऊन तो केबिनखाली सरपटत गेला. जतीनचा हात बाहेर आला होता. त्याने तो धरला. गार होता.

बाहेर येऊन तो खुणा करायला उभा राहिला. जतीनला आता धक्का लागला काय, न लागला काय, सारखंच होतं. तरी पाऊण तास तो क्रेन बोटबोटभर उचलायला लावत राहिला, आत कुणी झोपलंय आणि त्याला जाग येऊ नये असं.

तिसऱ्या दिवशी तो वेवजीला गेला. जतीनची बायको हिना भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "निघताना मला सांगून गेले, खाली भाई आहे, काळजी करू नको."

दशरथ उठून बाहेर आला.

चौकशीत त्याने सगळं सांगितलं, आपण बसमध्ये होतो हेसुद्धा. चौकशी करणाऱ्या साहेबांनी लिहून घेतलं आणि ते म्हणाले, "तुम्ही नकार दिलात. तुमचा दोष नाही." गौरववर केस झाली. घरी अहिल्याही नवऱ्याला तेच सांगत राहिली, की तुमची चूक नाही.

"मी क्रेनखाली जाऊन बसलो असतो तर त्याने उचललं नसतं," दशरथ म्हणाला. "एवढंच करायचं होतं. मला माझा अपमान मोठा वाटला."

त्यानंतर तो कुठल्याच साइटवर गेला नाही. दिवाळीआधी चिकूंची पिशवी घेऊन तो पुन्हा वेवजीला गेला. हिनाने दार उघडलं नाही. शेजारच्या सोनीबाई बाहेर आल्या.

"तुम्हाला बघितलं की तिला जास्त त्रास होतो, भाऊ. नका येऊ आता."

"बरं," दशरथ म्हणाला. पिशवी ओट्यावर ठेवून तो थांब्याकडे चालू लागला.