मोतीरामने सांगितलेला गद्दार

मोतीराम गेल्याचा फोन त्याच्या सुनेने, कविताने केला, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार दुःखाचा आला नाही. आता शब्दांच्या बाबतीत आपल्याला कोणी दुरुस्त करणार नाही, असं वाटलं... महिना उलटला, तरी तो विचार खरवडून निघत नाही.

उल्हासनगरात त्याचं बटणं आणि चेनचं दुकान. मी तिथल्याच एका कॉलेजात मराठी शिकवायचो. तो सातवी पास. पण सिंधी अरबी लिपीत वाचायचा आणि त्या बळावर फारसी, अरबी कोश धुंडाळायचा. आपल्याकडे प्रत्येक व्यासपीठावर जो तो दुसऱ्याला गद्दार म्हणू लागला, तेव्हा अंबरनाथच्या एका वाचनालयाने त्या शब्दावर माझं व्याख्यान ठेवलं. शाल, श्रीफळ, तीन प्रास्ताविकं आणि उरलेल्या वेळात मी. शब्द मूळ अरबी, फारसीतून आपल्याकडे आला, एवढं फुलवून सांगून बसलो. मागच्या रांगेतून मोतीराम म्हणाला, "साईं, तुर्कीत गेला तर त्याचा अर्थ निर्दयी झाला. आणि अरबीत त्याच धातूतून तळं निघतं, पूर ओसरल्यावर मागे राहिलेलं. जुने कोशकार म्हणतात, ऐन गरजेला आटतं, दगा देतं, म्हणून!" लोक खुर्च्या सोडून त्याच्याभोवती जमले. मी शालीची घडी घालत बसलो.

ते तळं पुढे मी एका लेखात वापरलं. 'जुने कोश चाळताना आढळलं' असं लिहिलं. मोतीरामचं नाव आधी लिहिलं होतं, मग खोडलं. मला तर त्या लिपीतलं पहिलं अक्षर, अलिफही ओळखता येत नाही. "दोन महिन्यांत शिकवतो, सर," असं तो कितीदा म्हणाला होता. पण बटणवाल्याकडे प्राध्यापक कसा शिकणार? त्याने अंकाच्या दहा प्रती घेऊन गिऱ्हाइकांना वाटल्या. "हमारे सर का है!" भांडला असता तर सोपं गेलं असतं. त्याच्या त्या मोठेपणाचाही मला हेवा वाटला. आजही वाटतो.

परवा दुकानात कविताने त्याची त्याच लिपीतली वही माझ्या हातात दिली. मी सवयीने आपल्या बाजूने, डावीकडून उघडली, तर शेवटचं पान.

"सर, घरात किसी को नहीं आता. पप्पांनी काय लिहिलंय, वाचा ना."

"मला नाही येत."

"मस्करी नका करू. वो तालाबवाला लेख... कोश वाचून तुम्हीच लिहिला ना?"

"नाही. वाचलं होतं पप्पांनी. मी फक्त ऐकलं होतं."

तिने वही माझ्या हातातून काढून घेतली, फिरवली आणि उजवीकडून पहिलं पान उघडलं... वाचता तिलाही येत नव्हतं. पण सुरुवात कुठून करायची, एवढं तिला ठाऊक होतं.